साहेबांच्या सहीखालची रेघ

आमदार मार्तंडरावांच्या संपर्क कार्यालयात सत्यशीलाताईंना एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्या एकोणीस वर्षांत कार्यालयाच्या फोनची तिसरी घंटी कुणीही ऐकली नव्हती. दुसऱ्या घंटीला फोन उचललेला. पहिली घंटी ताई नुसती ऐकायच्या. "हा बदलीवाला," "हा रेशनकार्डवाला," "ह्याला काम न्हाई, शिव्या द्यायला करतोय," असं रिसीव्हरला हात लावायच्या आधीच सांगायच्या, आणि दहातले नऊ अंदाज खरे निघायचे. दहावा राँग नंबर असायचा. त्याचंही काम त्या करून द्यायच्या.

लग्नं आणि दहावे त्यांच्या डोक्यात असत. वैशाखातल्या एका दिवसात साहेबांना अकरा लग्नं, चार दहावे, दोन वास्तुशांती आणि एक कुस्त्यांचा आखाडा असा फेरा घडवून त्या संध्याकाळी सहाला घरी पोचवायच्या. आणि एवढ्या धांदलीत साहेबांनी दहाव्यात नवदांपत्याला आशीर्वाद दिले, असं एकदाही झालं नाही. शेजारच्या मतदारसंघात झालं होतं. दोनदा.

तर अशा ह्या सत्यशीलाताईंना एक पत्रक आलं. पुण्याच्या एका संस्थेनं लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत राबणाऱ्या माणसांसाठी तीन दिवसांचं निवासी शिबिर ठेवलं होतं, भंडारदऱ्याला. प्रत्येक कार्यालयातून एकानं यायचं, खर्च संस्थेचा. बस शनिवारी दुपारी तीनला नगरहून सुटणार. पहिल्या दिवशी तपासणी, म्हणजे डोळे, रक्तदाब, साखर आणि खुर्चीत बसून बसून धरलेली कंबर. दुसऱ्या दिवशी पत्रव्यवहार, नियम, फोनवरून शिव्या देणाऱ्याशी कसं बोलावं ते. तिसऱ्या दिवशी कामाचा ताण. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, एक नंबर. ऐकून ऐकून जीव मेटाकुटीला आला तर ह्या नंबरावर फोन करा, आम्ही ऐकून घेऊ.

ताई पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी ती ओळ परत वाचली. मग पत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि दिवसातून चार वेळा काढून वाचायला लागल्या.

अट एकच होती. लोकप्रतिनिधीच्या सहीचं परवानगीपत्र सोबत आणायचं.

ताईंनी ते त्याच दिवशी टाईप केलं आणि सह्यांच्या फाईलीत ठेवलं, सगळ्यात खाली. स्वतःचा कागद लोकांच्या कागदांवर कसा ठेवायचा? संध्याकाळी फाईल परत आली तेव्हा वरचे चाळीस कागद सह्या होऊन आले होते आणि खालचा तसाच कोरा. दुसऱ्या दिवशी वर नवे चाळीस आले. असा सबंध महिना गेला. रोज ताईंचा कागद तळाशी, आणि तळापर्यंत साहेबांचा पेन कधी पोचलाच नाही.

शनिवार उजाडला. साहेब सहालाच बाहेर पडलेले. साडेनऊला ताईंनी फाईल उघडली, तळाचा कागद काढला, आणि घड्याळाकडं पाहिलं.

"मेले!" त्या म्हणाल्या.

"कोण मेलं?" दारातून आवाज आला. दारात वैजनाथ उभा होता. कोरडेवाडीच्या वस्तीवरचा, दुधाचा टेम्पो चालवणारा. "तुमचं राहू द्या ताई, मीच मेलोय. तिसरं पत्र बी बिनरेघीच निघालं. तीन वर्सं झाली लायटीच्या डीपीसाठी. आमच्या वस्तीवर अजून कंदील. पोरं म्हनत्यात, बापा, आपन शिवाजीमहाराजांच्या काळात ऱ्हातो का?"

आता ही रेघ म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सारा मतदारसंघ तिच्यावर चालला होता.

ताईंच्या आधी त्या खुर्चीत गोरक्षनाथअण्णा बसायचे. निवृत्त होताना त्यांनी ताईंच्या हातात कपाटाच्या किल्ल्या दिल्या, शिक्का दिला, आणि दार लोटून घेऊन कानात एक गुपित सांगितलं. "बाई, साहेबांची सही बघायची न्हाई. सहीखाली बघायचं. रेघ असली, की काम साहेबांच्या मनातलं. रेघ नसली, की आल्या माणसाचं मन राखायला दिलेलं पत्र. लक्षात ठेव आन कुनाला सांगू नको."

कुणाला सांगू नको म्हणून अण्णांनी हे गुपित प्रत्येक कचेरीतल्या प्रत्येक कारकुनाला आधीच सांगून ठेवलं होतं. टेबलाटेबलावर दोन ट्रे झाले, एक रेघेचा, एक बिनरेघीचा. रेघेची पत्रं पळायची. बिनरेघी पत्रं ट्रेमध्ये पिकत पडायची. माणसं कार्यालयातून बाहेर पडली की पत्र उन्हात धरायची, आणि रेघ दिसली तर तिथल्या तिथं पेढे वाटायची. एका सोयरिकीत तर मुलाच्या बापानं म्हणे पत्रिका बाजूला सारली आणि पोराच्या नोकरीचं रेघेचं पत्रच पुढं ठेवलं. सोयरीक जमली.

"वैजनाथभाऊ," ताई कागद पर्समध्ये कोंबत म्हणाल्या, "टेम्पोत डिझेल हाय का?"

"हाय की. का?"

"चला."

"कुठं?"

"साहेब जिथं असतील तिथं. दहा वाजता कोरडेवाडीचा दहावा, साडेअकराला भाळवणीला लग्न, मग शनिवार हाय म्हणून शिंगणापूर. मीच लिहून दिलंय." ताईंनी पिशवी उचलली. त्यात स्वेटर होता, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, शिक्का होता आणि पाच कोरी लेटरहेडं. लेटरहेडाशिवाय त्या माहेरीसुद्धा जात नसत. मग त्यांनी कार्यालयाला कुलूप लावलं. शनिवारी, भर सकाळी. समोरच्या चहावाल्यानं ते पाहिलं आणि त्याच्या हातातलं दूध उतू गेलं.

कोरडेवाडीचा रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगावं. तिथल्या खड्ड्यांना नावं होती. थोरला, धाकला, बँकेपुढचा, आणि एक सरपंचाचा, कारण त्यात सरपंचाची मोटारसायकल गेली ती दुसऱ्या दिवशी निघाली. टेम्पोत मागं दुधाचे रिकामे कॅन होते. प्रत्येक खड्ड्याला ते असे वाजायचे, की शेतातली माणसं गावात आरती सुरू झाली म्हणून हात जोडायची.

"ती बघा गाडी!" वैजनाथ ओरडला.

समोर साहेबांची पांढरी गाडी दहाव्याहून परत येत होती, बैलगाडीच्या चालीनं. वैजनाथनं टेम्पो वळवला, बांधावर घातला आणि गाडीला खेटून चालवायला लागला.

"साहेब!" ताईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "सही! एकच सही!"

साहेबांच्या कानाला फोन होता. पलीकडं कुणीतरी रडत होतं किंवा ओरडत होतं. साहेबांनी न बघता हात बाहेर काढला, ताईंनी कागद दिला, साहेबांनी तो मांडीवर ठेवून सही केली, परत दिला, आणि गाडी पुढं गेली. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं झालं. दोन्ही वाहनं चालू, मध्ये एक बाभळ आली तीही चुकवली.

"झाली!" ताई टेम्पोत उड्या मारायला लागल्या. "झाली वैजनाथभाऊ! भंडारदरा! चला नगरला!"

आणि मग, एकोणीस वर्षांची सवय, त्यांची नजर सहीखाली गेली.

कोरं होतं.

वैजनाथनं टेम्पो थांबवला, मान वाकडी करून कागद पाहिला आणि हळूच म्हणाला, "आरारा. तुमाला बी?"

साहेबांच्या मनात नव्हतं तर. मन राखायला सही केली. ताईंनी पदर डोळ्यांना लावला. एकोणीस वर्षं, आणि ट्रे कुठला, तर बिनरेघीचा.

"ओढा की तुमीच," वैजनाथ म्हणाला. "तीन बोटं रेघ. पेन माझ्याकडं हाय. कुनाला कळतंय?"

"वैजनाथभाऊ, लाखभर पत्रं गेली माझ्या हाताखालनं. एकावर ओढली असती तर तुमची डीपी कधीच बसली असती. ओढली का?"

"न्हाई ना. तेच तर म्हनतोय, लई चुकलं तुमचं."

ताईंना रडता रडता हसू आलं. बरं, तसंच जावं तर शिबिराची व्यवस्था होती सुमेधाबाईंकडं. पस्तीस वर्षं एका मंत्र्यांची कचेरी सांभाळून निवृत्त झालेली बाई. तिच्या नजरेतून बिनरेघी पत्र सुटणार होय? भर बसमध्ये म्हणेल, तुमच्या साहेबांची इच्छा दिसत नाही.

ताईंनी पदर खोचला. "शिंगणापूर. जाऊन तोंडावर विचारते. लोकांसाठी रोज विचारते, आज माझ्यासाठी विचारते. न्हाई म्हणाले तर न्हाई."

"आन तीनची बस?"

"तुमी बोलण्यात टाइम घालवू नका!"

वैजनाथनं टेम्पो सोडला तो नगरच्या हायवेला लागेपर्यंत ब्रेकवर पाय ठेवला नाही. कॅनचा तो घणघणाट ऐकून पुढच्या गाड्या आपोआप बाजूला व्हायला लागल्या. कुणाला वाटलं अग्निशमन, कुणाला वाटलं पालखी. एका टोलवाल्यानं तर उठून नमस्कार केला आणि पैसे मागायचं विसरला. पाऊण वाजता टेम्पो शिंगणापुरात होता.

शनिवारची गर्दी. तेलाच्या बाटल्या, रुईच्या पानांच्या माळा, उन्हात चटके देणारी फरशी आणि सगळीकडं तेलाचा वास. साहेब दर्शन करून एका तेलाच्या दुकानाशी उभे होते. हात कोपरापर्यंत तेलाचे. शेजारी त्यांचा ड्रायव्हर मच्छिंद्र टॉवेल घेऊन.

"बाई?" साहेब दचकले. "तुमी इथं? मग ऑफिसात कोन हाय?"

"कुलूप हाय."

शिंगणापुरात उभं राहून कुलपाचं नाव काढलं म्हणून दोन दुकानदारांनी वळून पाहिलं.

"कुलूप! शनिवारी!"

"साहेब, मला एक विचारायचंय." ताईंनी कागद पुढं केला. "माझ्या पत्राला तुमी रेघ का न्हाई ओढली?"

"कसली रेघ?"

"सहीखालची."

साहेबांनी तेलाच्या हातानं कागद घेतला. बघता बघता कागदावर पाच बोटांचे पाच डाग पडले. त्यांनी सही उजवीकडून बघितली, डावीकडून बघितली. "सही तर माझीच हाय. रेघंचं काय?"

"साहेब, रेघ म्हंजे काम करायचं. रेघ न्हाई म्हंजे नुसतं पत्र. सगळ्या कचेऱ्यांना ठाऊक हाय. एकोणीस वर्सं..."

"मला कुठं ठाऊक हाय?" साहेब म्हणाले.

ताईंनी वैजनाथकडं पाहिलं, वैजनाथनं ताईंकडं. तेवढ्यात मच्छिंद्र ड्रायव्हर खाकरला.

"रेघ व्हय? ती गाडीत कशी ओढत्याल साहेब? वहिनीसाहेबांनी तंबी दिलीया न्हवं."

"कसली तंबी?" ताई आणि वैजनाथ एकदमच म्हणाले.

"आवो, साहेब गाडीत मांडीवर कागद ठिवून सह्या करत्यात. पयल्या साली कोरडेवाडीच्या रस्त्यावर रेघ ओढाय गेले, आन खड्डा आला. पेन कागदातनं आरपार, लेंग्याला भोक, मांडीवर शाई. वहिनीसाहेब म्हनल्या, परत असा लेंगा आनला तर धुवायला तुमीच बसायचं. तवापास्नं रस्ता खराब आसला की नुसती सही. टेबलावर आसले न्हाईतर हायवेला लागलो की मंग ओढत्यात झोकात, सवयच हाय त्यांची."

ताईंच्या डोळ्यांपुढून लाखभर पत्रं सरसर गेली. शुक्रवारी साहेब टेबलाशी बसायचे, आणि शुक्रवारी येणाऱ्यांची कामं व्हायची. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, स्वतः चालत येणाऱ्याची साहेबांना कदर आहे. आणि हायवेकाठचं ते एक गाव! त्याला तीन समाजमंदिरं, दोन व्यायामशाळा आणि नदी नसताना पूल मिळाला होता. सगळी पत्रं गुळगुळीत डांबरावर सही झालेली.

"थांबा, थांबा," वैजनाथनं टोपी काढली. "म्हंजे माझी डीपी... तिन्ही बारी साहेब आमच्या वस्तीवर आले, माझ्या हातचा चा प्याले, आन जाताना गाडीत सही केली. म्हंजे माझी डीपी सरपंचाच्या खड्ड्यानं खाल्ली?"

"तसंच म्हनावं लागंल," मच्छिंद्र म्हणाला.

"आन त्यो खड्डा बुजवायचं पत्र?"

मच्छिंद्रनं मान खाली घातली. "सात पत्रं झाली त्या रस्त्याची. सातीच्या साती त्याच रस्त्यावर सही केल्याली."

रस्ता खराब म्हणून रेघ नाही, रेघ नाही म्हणून रस्ता नाही! तेलाचा दुकानदार इतका हसला, की त्याला बाकावर बसवून पाणी पाजावं लागलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"आन मी भाषनात सांगत फिरतोय, अधिकारी आळशी!" त्यांनी टॉवेल खांद्यावर फेकला. "चला! मच्छिंद्र, गाडी काढ. बाई, बसा गाडीत. ऑफिसात जाऊ, एकोणीस वर्सांची पत्रं काढू, बिनरेघी तेवढी बाजूला करू. आज रात, उद्या, परवा, झोपायचं नाव न्हाई! एकेकाला नवं पत्र देऊ. टेबलावर! आवो बाई, बघता काय, तुमच्याशिवाय कुनाला सापडायची ती?"

साहेबांना असं पेटलेलं ताईंनी निवडणुकीतसुद्धा पाहिलं नव्हतं. त्यांचाही जीव सुपाएवढा झाला. त्या लाखभरात कोण कोण होतं, त्यांना नावानिशी आठवत होतं. पाय गाडीकडं वळलाच होता. तेवढ्यात दुकानातलं घड्याळ दिसलं. एक वाजून वीस मिनिटं.

"साहेब, माझं पत्र राह्यलं."

"कसलं पत्र? बघू." साहेबांनी हातातल्या कागदावर पेन टेकवला. पण तेलानं तो पापडासारखा झाला होता. त्यावर पेन घसरायचा, उमटायचा नाही.

ताईंनी पिशवीतून कोरं लेटरहेड काढलं, दुकानाच्या फळीवर ठेवलं आणि हातानं लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होत्या, जशा रोज लोकांची वाचायच्या. "श्रीमती सत्यशीला ठुबे, आमच्या कार्यालयातील सहायक, यांना तीन दिवसांच्या शिबिरास उपस्थित राहण्यास..."

"तीन दिवस!" साहेब म्हणाले. "आन ह्याच्यावर मी सही केली हुती?"

"सकाळी. बाभळीजवळ."

"न्हाई न्हाई बाई. आत्ता न्हाई. बघा ना, केवढं काम निघालंय! उद्या सात लग्नं, परवा मंत्र्यांचा दौरा. पुढच्या साली जावा. मी स्वतः सोडायला येतो."

पुढच्या साली. हेच दोन शब्द ताईंनी एकोणीस वर्षं फोनवर लोकांना सांगितले होते, गोड आवाजात. आपल्या कानानं ते पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"न्हाई," ताई म्हणाल्या.

मच्छिंद्रच्या हातातली गाडीची किल्ली खाली पडली.

"काय म्हनला?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई साहेब. मी जानार. तुमची पत्रं कपाटात हायेत, सालावार लावलेली. ह्या किल्ल्या. बिनरेघी पत्राच्या नकलेवर मी पेन्सिलनं फुली केलीय, मला आपलं वाईट वाटायचं म्हणून. फुलीची तेवढी काढायची. लग्नांची यादी टेबलाच्या काचेखाली. आन फोन वाजला तर उचलायचा."

"कोनी?"

"तुमी."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. दुकानदार, वैजनाथ, मच्छिंद्र, रुईच्या माळा विकणाऱ्या दोन बायका, सगळे त्यांच्याकडंच बघत होते.

"आवो पण तिथं शिकवत्यात तरी काय तुमाला? एवढं येतं तुमाला!"

ताईंनी पर्समधून पत्रक काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं. साहेबांनी वरून खाली वाचलं. डोळे, साखर, कंबर. मग खालच्या बारीक ओळीशी आले आणि थांबले. ती त्यांनी दोनदा वाचली.

"ऐकून ऐकून जीव मेटाकुटीला... तुमाला असं हुतं, बाई?"

"हुतं की."

"कधी बोलला न्हाई ते."

"बोलनार कवा? मी फोनवर हुते."

साहेबांनी मग टॉवेलानं हात पुसले. एकेक बोट पुसलं. पेन घेतला, कागद फळीवर सरळ केला आणि सही केली. आणि सहीखाली रेघ ओढली, ती अशी, की कागदाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली आणि पुढं चार बोटं दुकानाच्या फळीवर उमटली. आजही दाखवतो तो दुकानदार. तेल घेतलं तर.

"माझं बी राह्यलं!" वैजनाथ ओरडला. दुसऱ्या लेटरहेडवर डीपीचं पत्र झालं. तीन वर्षांचा उशीर म्हणून साहेबांनी त्याला तीन रेघा दिल्या. वैजनाथनं पत्र डोक्यावर ठेवून त्यावर टोपी घातली आणि टेम्पोकडं पळाला.

"ताई! दीड वाजला!"

शिंगणापूर ते नगर त्या दिवशी टेम्पो कसा आला, ते वैजनाथलाही नीट सांगता येत नाही. घोडेगावला गुरांचा बाजार नसतानाही गुरं आडवी आली. पांढरीच्या पुलाला एक वरात आडवी आली. वैजनाथनं कॅन वाजवत टेम्पो वरातीतूनच घातला आणि वरातीतले चौघे मागच्या बाजूला चढून नगरपर्यंत नाचत आले. तीनला पाच कमी असताना टेम्पो बससमोर आडवा उभा राहिला, म्हणजे ती सुटू नये.

बसच्या दारात सुमेधाबाई उभ्या होत्या. पांढरे केस, चष्मा, हातात यादी. त्यांनी ताईंचं पत्र घेतलं, उजेडाकडं धरलं आणि सहीखाली नजर नेली.

"रेघ आहे," सुमेधाबाई म्हणाल्या. "चांगली घसघशीत आहे. बसा."

"म्हंजे तुमाला बी ठाऊक हाय तर रेघंचं!"

"अहो, पस्तीस वर्षं झाली या कामात. प्रत्येकाची खूण असते. तुमच्याकडे रेघ, आमच्याकडे हिरवी शाई. हिरव्या शाईची सही म्हणजे काम झालंच पाहिजे, निळी म्हणजे बघू."

"आमच्याकडं ठिपका!" मागून संगमनेरकडचा एक जण म्हणाला. "सहीपुढं ठिपका असला की लगेच करायचं."

"आमच्या ताईसाहेबांची वेलांटी," कर्जतची रेश्मा म्हणाली. "शेवटचं अक्षर वर ओढलं की काम पक्कं."

चाळीस माणसं होती बसमध्ये, आणि चाळीस खुणा. जो तो आपापली खूण अभिमानानं सांगत होता. बस सुटली. ताई मधल्या वाटेत उभ्या राहिल्या. पोटात मावेना, ओठांवर थांबेना.

"माझं जरा ऐका," त्या म्हणाल्या. "तुमच्या साहेबांच्या ड्रायव्हरला कधी विचारलंय का?"

आणि त्यांनी सगळं सांगितलं. मांडी, खड्डा, लेंगा, वहिनीसाहेब, नदी नसताना पूल. त्या सांगत होत्या तोवर नगर मागं पडलं. मग एकदम चाळीस फोन निघाले.

सुमेधाबाई कापडी पिशवी घेऊन मागून येत होत्या. शिबिराचा नियम होता, फोन पिशवीत जमा. "एकच मिनिट मॅडम!" चाळीस जण ओरडले. "ड्रायव्हरला एक फोन करतो!"

मग काय विचारता. संगमनेरवाला कानावर फोन धरून मटकन खाली बसला. "ठिपका म्हंजे डुलकी हो! सही करता करता साहेबांचा डोळा लागतो, पेन टेकून राहतो!" कर्जतची रेश्मा खिडकीवर कपाळ आपटायला लागली. "बांगडी! हिरवा चुडा भरलेला असला की बांगडी पेनाला लागते, हात वर जातो! म्हणजे आमच्याकडची सगळी कामं श्रावणात का होतात..." एकाची खूण गुटख्याची निघाली, एकाची चष्म्याची. हसून हसून बस एका बाजूला कलली आणि ड्रायव्हरनं ओरडून चौघांना पलीकडं बसवलं.

सुमेधाबाई पिशवी धरून तशाच उभ्या होत्या. हळूहळू सगळ्यांची नजर त्यांच्याकडं गेली.

"मॅडम," ताई म्हणाल्या, "हिरवी शाई?"

सुमेधाबाईंनी थोडा विचार केला. मग मंत्र्यांच्या जुन्या ड्रायव्हरला फोन लावला. बोलणं अर्धं मिनिटच झालं. त्या पायरीवर बसल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "नातवाचं पेन होतं. गाडीत राहायचं. सापडलं तर त्यानं सही करायचे." आणि पस्तीस वर्षं मंत्रालयात ज्यांचे दात कुणाला दिसले नव्हते त्या सुमेधाबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी आपलाच फोन पहिल्यांदा पिशवीत टाकला.

एकेक करून चाळीस फोन पिशवीत पडले. पिशवीला गाठ मारून ती शेवटच्या सीटवर ठेवली, आणि ती वाजायला लागली. भजनं, लावण्या, पोवाडे, कुणाची नुसतीच टुणटुण, सगळी एकाच वेळी. संगमनेर गेलं, अकोलं गेलं, तरी पिशवी वाजतच होती. पहिल्या पहिल्यांदा जो तो मागं वळून बघायचा. ताईंनीही दोनदा उठून पाहिलं, तिसऱ्यांदा अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या.

डोंगर सुरू झाले. एका वळणावर उजवीकडच्या खिडक्यांत एकदम पाणी आलं, उतरत्या उन्हात लखलखणारं. भंडारदऱ्याच्या विश्रामगृहासाठी ताईंनी दोनशे तरी पत्रं लिहून दिली असतील. पाहुण्यांच्या पाहुण्यांना, नव्या जोडप्यांना, साहेबांच्या साडूला. ठिकाण कसं आहे हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

"आगं बया!" त्या सीटवर गुडघे टेकून खिडकीबाहेर वाकल्या. "आवो, एवढं? एवढं सगळं पाणी? थांबवा, बस थांबवा जरा!"

बस थांबली. ताई सगळ्यांच्या आधी उतरल्या आणि पदर सावरत उताराला लागल्या, अनवाणी, चपला बसमध्येच राहिल्या हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.